इंडेंट आदल्या रात्री, लागवड तीन महिने आधी

मागच्या आठवड्यात तालुक्याला थेट विक्रीवर एक कार्यशाळा झाली. एका मोठ्या रिटेल साखळीची भाजीपाला खरेदी बघणारे साहेब बोलले. माणूस अभ्यासू, बोलणं मुद्देसूद. पण अर्ध्या तासात तीन वेळा एकच तक्रार आली: शेतकरी कमिटमेंट पाळत नाही, बाजार वाढला की माल मार्केटला नेतो, त्यामुळं आमची खरेदीची जोखीम वाढते. समोर बसलेली कृषी खात्याची आणि केव्हीकेची मंडळी माना हलवत होती. आपल्यातलेही काही जण हलवत होते, ते जास्त टोचलं.

प्रश्नोत्तरं झाली नाहीत, जेवण तयार होतं. म्हणून उत्तर इथं लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा. टोमॅटोवरच लिहितो, कारण तेच पीक मला आतून-बाहेरून माहीत आहे. ढोबळी, फ्लॉवर, काकडीवाल्यांनी आपापले आकडे घालून वाचावं.

माझं म्हणणं एवढंच आहे. या कंपन्या ज्याला खरेदीची जोखीम सांभाळणं म्हणतात, त्यातलं बरंचसं काम म्हणजे ती जोखीम आपल्या बांधावर आणून टाकणं आहे. आणि एवढं करून वर त्यांना शब्दाचा पक्का शेतकरी पाहिजे.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, नाहीतर म्हणाल एकांगी लिहितोय. दुकान चालवणाऱ्याला चार गोष्टींची भीती असते. माल वेळेवर येईल का? कोणत्या भावानं येईल? दर्जाचा असेल का, औषधाचा अंश सापडला तर काय करायचं? आणि आलेला माल खपला नाही तर कुजणार, त्याला ते 'डंप' म्हणतात. चारही भीती खऱ्या आहेत. लालसर झालेला टोमॅटो मांडणीत फार दिवस थांबत नाही. भाव आठवड्यात निम्मा होतो, कधी दुप्पट होतो. यासाठी त्यांनी शिकलेली माणसं ठेवलीत, सॉफ्टवेअर ठेवलंय. त्यातल्या काही गोष्टी शहाणपणाच्याच आहेत. आपल्या नारायणगाव पट्ट्यात पाऊस लागून राहिला तर कोलार-मदनपल्लीचा माल धरायचा, दिवाळीच्या सुमाराला पिंपळगाव बसवंतकडं वळायचं. दोन-तीन पट्ट्यांतून खरेदी करणाऱ्याला कोण नाव ठेवील? आपणही सगळं रान एकाच पिकाला लावत नाही.

पण एवढं करूनही जी जोखीम उरते तिचं ते काय करतात, ते बघा.

टोमॅटोचं रोप नर्सरीत २५ दिवसांच्या आसपास असतं. लावल्यापासून पहिला तोडा ६०-७० दिवसांनी. म्हणजे माल विकायच्या तीन महिने आधी आपला निर्णय झालेला असतो. बेड, शेणखत, मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सुतळी, बांधणीची मजुरी, फवारण्या. एकरी दीड-दोन लाख रुपये जमिनीत जातात, बांबू नवा घ्यायचा असेल तर त्याच्याही पुढे. हे सगळं होऊन माल सुरू झाला की सेंटरचा इंडेंट कधी येतो? आदल्या दिवशी संध्याकाळी सात-आठला, व्हॉट्सॲपवर. 'उद्या ३० कॅरेट.' कधी 'उद्या १२.' कधी नुसतं 'उद्या होल्ड.'

आता होल्ड म्हणजे काय, हे झाडाला कोण सांगणार? भर हंगामात दोन-तीन दिवसांआड तोडा घ्यावाच लागतो. एक दिवस थांबलं तर कलर पुढं जातो, दोन दिवस थांबलं तर तो माल लांबच्या गाडीला चालत नाही. मजूर आदल्या दुपारीच सांगितलेले असतात. त्यांना रात्री आठला फोन करून उद्या येऊ नका म्हणालात तर परवाही येणार नाहीत. म्हणजे दुकानात माल खपला नाही, याची किंमत आदल्या रात्री आठ वाजता आपल्या प्लॉटवर येऊन पडते. मागणीचा अंदाज त्यांनी बांधायचा, आणि चुकला तर भरायचं आपण.

दुसरं ठिकाण म्हणजे सेंटरच्या गेटवरचं ग्रेडिंग. इथं मी थोडा थांबणार आहे, कारण भाव ऐकून खूश होणारी पोरं नेमकी इथंच मार खातात.

समजा १००० किलो माल आहे, ५० कॅरेट. मार्केटला भाव कॅरेटला २५०, म्हणजे किलोला साडेबारा. सेंटरचा भाव १५. वरवर अडीच रुपये जास्त. मार्केटला १२,५०० होतात, हमाली-तोलाई वगैरे ५०० धरा, हातात १२,०००. आता सेंटरचं गणित. निवडून-पुसून न्यायचा म्हणून दोन बायांची हजेरी ८०० रुपये. गेटवर २० टक्के रिजेक्शन निघालं, ८०० किलोचे झाले १२,०००. उरलेले २०० किलो परत पिकअपमध्ये. तोपर्यंत मार्केटचा सौदा उरकलेला, मग कुणी तरी पाच रुपयांनी घेतो, त्याचे १,०००. त्या फेरीचे ७०० रुपये जादा. सगळं मिळून हातात ११,५००. साडेबाराच्या बाजारापेक्षा पंधराचा भाव ५०० रुपयांनी स्वस्त पडला!

हेच गणित उलटं करून बघा. या आकड्यांना १५ टक्के रिजेक्शनपर्यंत बरोबरी होते. त्याच्या आत राहिलं तर सेंटर फायद्याचं, पुढं गेलं की वरचे अडीच रुपये नुसते बोर्डावरचे. तुमचा भाव, तुमचं भाडं, तुमची मजुरी घालून हा आकडा प्रत्येकानं काढून ठेवावा. कंपनीला भाव विचारायच्या आधी रिजेक्शन किती असतं ते विचारावं.

रिजेक्शन आपल्या मालावर ठरतं असं तुम्हाला वाटत असेल. निम्मं खरं आहे. माझ्या वहीतली नोंद सांगतो. एकच प्लॉट, एकच व्हरायटी, तोडणारी माणसं तीच. चौथ्या तोड्याला बाजार चढता होता, तेव्हा रिजेक्शन सात टक्के. दहा दिवसांनी आठव्या तोड्याला बाजार पडलेला, तेव्हा बावीस टक्के. शेवटच्या तोड्यांना माल बारीक होतो हे मलाही कळतं, पण हे हंगामाच्या मधलं आहे. साइज तीच, चमक तीच. त्या दिवशी सेंटरवर आधीच माल तुंबला होता, एवढाच फरक. तिथल्या पोराला मी दोष देत नाही. त्याला वरून सांगितलेलं असतं आज एवढाच घे, आणि 'जास्त झाला' असं लिहायला त्याच्या फॉर्मवर रकानाच नाही. मग तो 'कलर', 'साइज', 'डाग' लिहितो. मागणी घटली की आपला माल खराब होतो, तो असा.

त्याच्याही पुढं एक पायरी आहे, जी आपल्याला दिसतसुद्धा नाही. गेटवर पास झालेला माल शहराजवळच्या मोठ्या गोडाऊनला जातो, तिथं पुन्हा तपासतात. तिथं काढून टाकलेल्याची डेबिट नोट येते. कंपनीनं मधल्या व्हेंडरकडून घेतलं असेल तर नोट व्हेंडरला, आणि व्हेंडर ती आपल्या पट्टीतून कापतो. गाडी रस्त्यात सहा तास उभी राहिली का, एसी बंद होता का, कॅरेटवर कॅरेट चढवून खालचा माल दबला का, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. माल आपल्या ताब्यातून गेला, पावती झाली, तरी तो कुजण्याचा धोका आपल्याच नावावर चालू राहतो.

आता कमिटमेंटकडं येतो.

ज्यांनी कमोडिटीचा वायदा बाजार थोडा तरी बघितला आहे त्यांना ऑप्शन माहीत असेल. ठरल्या भावानं घ्यायचा हक्क माझा, पण घेतलंच पाहिजे असं बंधन माझ्यावर नाही. असा हक्क फुकट मिळत नाही. त्याचा प्रीमियम आधी मोजावा लागतो, आणि हक्क वापरला नाही तरी तो परत येत नाही. सेंटरवर आपण रोज नेमका हाच हक्क कंपनीला देतो. पाहिजे तेव्हा घ्या, नको तेव्हा होल्ड करा, थोडं घ्या, घेऊन परत करा. प्रीमियम किती? शून्य. आणि बदल्यात आपल्याला तसा हक्क? तोही शून्य. टोमॅटोचा वायदा नाही, म्हणजे दुसरीकडं जाऊन हा धोका विकायचीही सोय नाही. सोयाबीन-हरभऱ्याला वायदा होता, तर सेबीनं २०२१ च्या डिसेंबरात तोही बंद केला.

मग बाजार चढल्यावर शेतकऱ्यानं मार्केटला माल नेला तर त्यानं कोणता शब्द मोडला? ज्याच्यावर उद्या माल घ्यायचं बंधन नव्हतं, त्याला उद्या माल द्यायचं बंधन माझ्यावर कसं? पडत्या बाजारात त्यांनी होल्ड टाकलं ते 'बिझनेस डिसिजन', आणि चढत्या बाजारात आपण होल्ड टाकलं तर बेइमानी. कार्यशाळेत माना हलवणाऱ्यांनी एवढं एक सांगावं.

आणि हे सगळं कंपनीच्या तरी हिताचं आहे का? माझ्या मते नाही. २०२३ साल आठवा. एप्रिल-मे महिन्यात टोमॅटोला किलोला दोन-चार रुपयेही मिळेनात. नाशिक भागात लोकांनी रस्त्यावर ओतला, कित्येकांनी उभे प्लॉट सोडून दिले, औषधाला पैसे कुठून घालणार? जुलैत तोच टोमॅटो शहरात शंभरच्या वर, काही ठिकाणी दीडशेच्या पुढं. आपल्याकडं कॅरेट २,००० च्या आसपास गेलं. मॅकडोनाल्ड्सच्या उत्तर आणि पूर्व भारतातल्या दुकानांनी दर्जाचा माल मिळत नाही म्हणत बर्गरमधून टोमॅटोच काढला. केंद्र सरकारनं नाफेड आणि एनसीसीएफमार्फत खरेदी करून दिल्लीत ९० रुपयांनी विकायला सुरुवात केली, ऑगस्टमध्ये नेपाळहून माल आणला. सप्टेंबरात पिंपळगावला कॅरेट पुन्हा शंभरीच्या आत-बाहेर. पाच महिन्यांत तळ, शेंडा आणि परत तळ.

पाऊस, उष्णता, रोग ही कारणं होतीच, ती कोण नाकारतो? पण मे महिन्यात सोडून दिलेला प्लॉट जुलैत माल देत नाही, हेही कारणच आहे. मेच्या त्या पडत्या दिवसांत कुणी आठ-दहा रुपयांचा तळ धरून ठरलेला माल उचलला असता, तर ते प्लॉट औषध-पाण्यावर उभे राहिले असते. तेव्हा होल्ड टाकून वाचवलेले पैसे जुलैत व्याजासकट गेले.

हे फक्त आपल्याकडं होतं असं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्रिटनच्या सुपरमार्केटांत टोमॅटो संपला. टेस्को, ॲस्डा, आल्डी यांनी एका गिऱ्हाइकाला तीनच, मॉरिसन्सनं दोनच, अशी मर्यादा घातली. स्पेन-मोरोक्कोत थंडी पडली होती, आणि हिवाळ्यात त्यांचा बहुतेक माल तिकडूनच येतो. पण दुसरी बाजू अशी की ब्रिटनमधल्या काचघरवाल्या शेतकऱ्यांनी गॅस-वीज परवडत नाही म्हणून लागवड पुढं ढकलली होती किंवा केलीच नव्हती. वाढलेल्या खर्चाप्रमाणे भाव द्या, हे त्यांचं म्हणणं सुपरमार्केटांनी मनावर घेतलं नव्हतं. त्याच आठवड्यांत युरोपातल्या इतर देशांतल्या भरलेल्या मांडण्यांचे फोटो फिरत होते. शेतकऱ्याला कमी भावात दाबून धरणं ही खरेदीची हुशारी वाटते, पण तो लागवडच करीत नाही तेव्हा सॉफ्टवेअर काय करणार?

गंमत अशी की ब्रिटनमध्ये यावर नियम आहेत. मोठ्या किराणा साखळ्यांनी पुरवठादाराशी कसं वागावं याची सक्तीची संहिता २०१० पासून आहे, आणि ती पाळली जाते का ते बघायला २०१३ च्या कायद्यानं वेगळा अधिकारी नेमला. २०१६ मध्ये त्या अधिकाऱ्यानं टेस्कोनं पुरवठादारांचे पैसे मुद्दाम उशिरा दिल्याचं जाहीर केलं. पण ती संहिता फक्त थेट पुरवठादारापुरती. मधल्या पॅकहाऊसच्या मागं उभा असलेला शेतकरी तिच्यात येत नाही. आपल्याकडं जसा व्हेंडरच्या मागं उभा असलेला आपण. म्हणजे नियम असून भागत नाही, तो कुणापर्यंत पोचतो हेही बघावं लागतं.

युरोपियन युनियननं २०१९ ला काढलेला निर्देश त्या मानानं आपल्या कामाचा आहे. त्यातल्या तीन गोष्टी ध्यानात ठेवा. नाशवंत मालाचे पैसे ३० दिवसांच्या आत. नाशवंत मालाची ऑर्डर ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीत रद्द करायची नाही. आणि माल खरेदीदाराच्या ताब्यात गेल्यावर पुरवठादाराची चूक नसताना तो खराब झाला, तर ते नुकसान पुरवठादारावर टाकायचं नाही. आमच्या होल्डला आणि डेबिट नोटेला हे दोन नियम सरळ लागू पडतात. तिथं ३० दिवस, आणि इथं आपण ३० तासही मागत नाही!

आपल्याकडचं काय? २०१६ च्या जुलैत राज्यानं फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला. आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची ठरली, आणि आवाराबाहेर कुणालाही विकायची मोकळीक मिळाली. मी तेव्हाही त्याच्या बाजूचा होतो, आजही आहे. मार्केटमध्ये काय चालतं ते मला माहीत आहे, मला कुणी मार्केटचे पोवाडे गायला सांगू नये. पण आवारात निदान दहा जणांसमोर बोली होते, परवानाधारक तोलाईदार असतो, भांडायला सचिवाचं ऑफिस असतं. बाहेरच्या सेंटरवर खरेदीदारही तेच, तोलणारेही तेच, प्रतवारी करणारेही तेच आणि तक्रार ऐकणारेही तेच. मोकळीक दिली, तिच्याबरोबर जायला पाहिजे होते ते नियम मागंच राहिले.

राज्याच्या पणन कायद्यात करार शेतीची तरतूद आहे. केंद्राच्या २०२० च्या तीन कायद्यांतला एक करार शेतीचाच होता. त्यात लेखी करार, आधी ठरलेला भाव, तिसऱ्याकडून दर्जाची तपासणी हे होतं, आणि वाद प्रांताकडं न्यायचा, दिवाणी कोर्टाचं दार बंद, हेही होतं. २०२१ च्या नोव्हेंबरात संसदेनं तिन्ही कायदे रद्द केले. त्यावर कमेंटमध्ये भांडू नका, ती भांडणं झाली करून. मला दिसतं ते एवढंच की त्या आधी, मधे आणि नंतर, आमच्या भागातला सेंटरवरचा व्यवहार व्हॉट्सॲपच्या एका ओळीवरच चालू राहिला. कायदा कोणताही असो, कागद कंपनीनंही केला नाही आणि आपणही मागितला नाही.

आता आपल्याबद्दल. कॅरेटच्या तळाला बारीक माल आणि वर टेबलावर ठेवण्यासारखा, हे करणारे आपल्यात आहेत. फवारणीनंतरचे थांबायचे दिवस न पाळता तोडणारेही आहेत. औषधाचा अंश सापडला तर कंपनीनं पूर्ण लॉट परत करावा, मी त्यांच्या बाजूनं उभा राहीन. करारातला माल चढत्या बाजारात रात्रीतून दुसऱ्या गाडीत भरणाऱ्यालाही माझा पाठिंबा नाही, पण आधी करार असू द्या.

काय मागायचं? मी माझ्यापुरतं ठरवलंय ते सांगतो, आणि आमच्या गटातल्या काही जणांनी हेच ठरवलंय.

पहिली गोष्ट भावाचा पट्टा. खर्च काढा. एकरी दोन लाख आणि पंचवीस टन माल धरला तर किलोला आठ रुपये, तोडणी-वाहतूक धरून दहा-अकरा. हा तळ. बाजार चार झाला तरी ठरलेल्या मालाला अकरा मिळाले पाहिजेत. बदल्यात आपण वरचं थोडं सोडायचं. समजा २५ ला टोपी. बाजार ६० झाला तर २५ आणि वरच्या ३५ चे निम्मे, म्हणजे साडेबेचाळीस. किलोमागं साडेसतरा रुपये आपण सोडतो, आणि तेही हसत सोडावेत, कारण मेमध्ये त्यांनी सात रुपये पदरचे घातलेले असतील. माल सगळा बांधू नका. निम्मा करारात, निम्मा मोकळा.

कंपनीला हे परवडत नाही असं कुणी म्हणालं तर मंदीत दुकानातल्या मांडणीवरचा भाव बघून या. मार्केटला चार झाला म्हणून तिथं सहा झालेला मी तरी बघितला नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधात गिऱ्हाईक टोमॅटोला जो रुपया देतं त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात असं काढलंय. उरलेल्या ६७ पैशांत वाहतूक आहे, नासाडी आहे, भाडी आहेत, मान्य. पण तळ धरण्याइतकी जागा त्यात नाही, हे मला पटवून द्यावं लागेल.

दुसरी गोष्ट इंडेंट. आठवड्याचा आकडा आधीच्या शनिवारी, त्यात वर-खाली वीस टक्क्यांची मुभा. तोडा झाल्यावर रद्द केलं तर निम्मे पैसे. तिसरी, प्रतवारी गेटवर एकदाच, एका तासात, शेतकऱ्यासमोर, आणि रिजेक्शनची पावती कारणासकट, फोटोसकट. त्या पावतीवर 'मागणी नाही' असाही रकाना पाहिजे. पास झालेल्या मालावर पुन्हा डेबिट नोट नाही. पैसे सात दिवसांत. अंश तपासणीचा खर्च त्यांचा, कारण रिपोर्ट त्यांच्या गिऱ्हाइकाला दाखवायचा आहे.

एकट्यानं मागून यातलं काही मिळणार नाही, हे मलाही कळतं. सेंटर म्हणेल, तुझ्यासारखे चाळीस बाहेर उभे आहेत. म्हणून शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून माझी अपेक्षा आहे, आणि तक्रारही. बऱ्याच एफपीओ स्वतःच व्हेंडर होऊन बसल्यात. वरून आलेली डेबिट नोट सभासदाच्या पट्टीतून तशीच कापतात आणि किलोमागं पन्नास पैसे सेवाशुल्क घेतात. मग आडत्या काय वाईट होता? उरलेला माल वळवायला स्वतःची जागा असली की बोलणीच बदलतात. मोहाडीला सह्याद्री फार्म्सनं टोमॅटोवर प्रक्रिया उभी केली, कारखान्याचा भाव तेजीच्या बाजारापेक्षा कमीच राहणार, पण मंदीत माल ओतायची वेळ येत नाही. प्रत्येक तालुक्यात असं होणार नाही. दोन-तीन एफपीओंनी मिळून गेटच्या बाहेर रिजेक्शनचा माल एकत्र करून विकायची सोय केली, तरी वरच्या गणितातले पाच रुपयांचे आठ होतात आणि परतीची फेरी वाचते.

ॲग्रोनॉमिस्ट मंडळींना एक विनंती, त्यातले बरेच जण हे पान वाचतात. तुम्ही आम्हाला टप्प्याटप्प्यानं लागवड करायचं वेळापत्रक देता. दर पंधरा दिवसांनी अर्धा एकर, म्हणजे कंपनीला सलग माल. चांगलं आहे, आम्ही करतोही. पण त्या तक्त्यात एक रकाना वाढवा: या टप्प्याचा किती माल, कोणत्या तळाच्या भावानं, कोण घेणार. तो रकाना कोरा असेल तर ते वेळापत्रक तुमच्या खरेदीवाल्यांच्या सोयीचं आहे, आणि कोरा तक्ता घेऊन प्लॉटवर येताना हे निदान स्वतःला माहीत असू द्या.

पुढच्या महिन्यात उन्हाळी लागवडीची रोपं बुक होतील. त्याच्या आधी आमच्या गटातले नऊ जण वरचा कागद घेऊन दोन सेंटरवर जाणार आहोत. काय म्हणतात ते इथं लिहीन. तोपर्यंत एक काम करा. तुमच्याकडं मागच्या हंगामातल्या रिजेक्शनच्या पावत्या असतील तर तारीख, किती किलो नेला, किती परत आला, लिहिलेलं कारण आणि त्या दिवशीचा मार्केटचा भाव, एवढ्या पाच गोष्टी कमेंटमध्ये टाका. कंपनीचं नाव नको, सेंटरवरच्या पोराचं तर मुळीच नको. पावती मिळालीच नसेल तर तसं लिहा, तीही नोंद हवी आहे.